एकतीस ताटं उपवासाची

आमच्या सोसायटीची सहल दरवर्षी श्रावणातल्या एखाद्या रविवारी निघते. नावनोंदणीची वही वॉचमनच्या टेबलावर पडलेली असायची. एका वर्षी मी हौसेने म्हणालो, वही कशाला, मी वेबवर फॉर्म करून देतो. नाव, फ्लॅट नंबर, सोबत किती पाहुणे आणि जेवण. जेवणासाठी टिचकी मारली की उघडणारी यादी ठेवली, म्हणजे ड्रॉपडाउन. पर्याय तीन: उपवासाचं, जैन, साधं. क्रम अकारविल्हे लावला. त्यात कुणावर अन्याय नाही, असं मला वाटलं.

सहलीच्या दिवशी डोंगराच्या पायथ्याच्या खानावळीत ६२ माणसांसमोर साबुदाण्याच्या खिचडीची ३१ ताटं आली. खरे उपवासवाले चार होते. उरलेल्या २७ जणांनी ती यादी उघडलीच नव्हती. नाव भरलं, फ्लॅट भरला, 'पाठवा' दाबलं, संपलं. त्या दिवशी मला खिचडीवरून जे ऐकून घ्यावं लागलं, ते पुन्हा सांगत नाही. पण घरी येऊन मी माझीच स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचली आणि तिच्यात एकही चूक सापडली नाही. मी ब्राउझरला विचारलं होतं, 'या यादीत काय निवडलेलं आहे?' ब्राउझरने खरं उत्तर दिलं होतं. मला विचारायचं होतं, 'या माणसाने काय निवडलं?' हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर ब्राउझरकडे नसतं.

हे प्रकरण या दोन प्रश्नांमधल्या फटीबद्दल आहे.

ड्रॉपडाउन ज्या टॅगने बनतो त्याचं नाव सिलेक्ट, आणि त्याच्या पोटातल्या प्रत्येक ओळीचं नाव ऑप्शन. एका वेळी एकच ओळ दाखवणाऱ्या सिलेक्टला रिकामं राहता येत नाही. तुम्ही कुठल्याही ऑप्शनवर 'हा निवडलेला समज' अशी खूण केली नसेल, तर ब्राउझर स्वतःच वरून खाली येतो, बंद करून ठेवलेले पर्याय वगळतो आणि पहिला चालू पर्याय निवडून टाकतो. हे पान उघडताक्षणीच घडतं, वापरणाऱ्याचा हात माउसला लागायच्या आधी. त्यामुळे यादीतल्या पहिल्या नावाला कायम फुकटची मतं पडतात. देशांच्या इंग्रजी यादीत ती अफगाणिस्तानला पडतात, भारतातली राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या यादीत अंदमान-निकोबारला. माझ्या यादीत ती खिचडीला पडली.

यावरचा उपाय जुना आहे. सगळ्यात वर एक बिनकामाचा ऑप्शन ठेवायचा, त्यावर 'जेवण निवडा' असं लिहायचं आणि त्याची व्हॅल्यू मुद्दाम रिकामी ठेवायची. मग सिलेक्टवर 'रिक्वायर्ड' लिहिलं की ती रिकामी व्हॅल्यू तशीच असेतो ब्राउझर फॉर्म पुढे जाऊ देत नाही. यातली मेख 'रिकामी' या शब्दात आहे. पुष्कळ जण वरची ओळ टाकतात, पण तिला व्हॅल्यू द्यायचं विसरतात. ऑप्शनला व्हॅल्यू दिलेली नसेल तर त्यावरचा मजकूर हीच त्याची व्हॅल्यू होते. मग 'जेवण निवडा' हेच एक भरलेलं, वैध उत्तर ठरतं, आणि तुमच्या तक्त्यात 'जेवण निवडा' नावाचं जेवण मागवणारे लोक दिसू लागतात.

आता हे उत्तर स्क्रिप्टने वाचायचं कसं? आज हे काम एका ओळीचं आहे. सिलेक्टला एखादी आयडी द्यायची, त्या आयडीने त्याला शोधायचं आणि पुढे डॉट व्हॅल्यू लिहायचं. निवडलेल्या ऑप्शनची व्हॅल्यू हातात येते. पण इंटरनेटवर आणि जुन्या पुस्तकांत तुम्हाला याच कामासाठी एक लांबलचक मंत्र सापडेल: सिलेक्टचे ऑप्शन्स घ्या, चौकोनी कंसात त्याच सिलेक्टचा सिलेक्टेड-इंडेक्स घाला, जो ऑप्शन मिळेल त्याची व्हॅल्यू घ्या. म्हणजे आधी 'कितवी ओळ निवडली?' असं विचारायचं, मग 'बरं, त्या ओळीवर काय आहे?' असं. सरळ रस्ता असताना हा वळसा का, याचं उत्तर इतिहासात आहे.

वेबच्या पहिल्या काही वर्षांत पानं नुसती वाचायची होती. भरता येणारे फॉर्म १९९३च्या अखेरीस मोझाइक ब्राउझरमध्ये दिसू लागले, आणि नोव्हेंबर १९९५मध्ये टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांनी लिहिलेल्या एचटीएमएल २.०च्या मसुद्यात सिलेक्ट आणि ऑप्शन रीतसर नोंदले गेले. तोवर भरलेला फॉर्म तपासायचा तर तो आधी दूरच्या सर्व्हरकडे जायला हवा होता. आपल्याकडे विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, टेलिफोनच्या तारेवरून. मोडेमची ती किर्रकिर्र ज्यांनी ऐकली आहे, त्यांना एक रकाना राहिला म्हणून अख्खा फॉर्म परत येणं म्हणजे काय, हे सांगावं लागणार नाही. ही तपासणी ब्राउझरमध्येच व्हावी, या गरजेतूनही जावास्क्रिप्टला बळ मिळालं. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला अवतार मे १९९५मध्ये दहा दिवसांत उभा केला, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी आहे. भाषेचं आधीचं नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबर १९९५पासून जावास्क्रिप्ट.

त्या पहिल्या अवतारात सिलेक्टला स्वतःची व्हॅल्यू नव्हती. त्याला फक्त कितवी ओळ निवडली आहे, ते ठाऊक असे. व्हॅल्यू असायची ती ऑप्शनपाशी. म्हणून तो वळसा. ऑक्टोबर १९९८मध्ये वेबच्या मानक-मंडळाने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, पानाच्या रचनेचं पहिलं मानक काढलं, त्यात सिलेक्टला व्हॅल्यू मिळाली. पण नेटस्केप ४ वापरणारे पुढेही बरेच दिवस होते, त्यांच्यासाठी लोक जुना मंत्र लिहीत राहिले, आणि ते ब्राउझर गेले तरी मंत्र उरला. आमच्या व्यवसायात निम्मं ज्ञान असं कॉपी-पेस्टने पिढ्यान् पिढ्या उतरत येतं.

सिलेक्टेड-इंडेक्स मात्र टाकाऊ नाही. तो शून्यापासून मोजतो, आणि काहीच निवडलेलं नसेल तर उणे एक देतो. काहीच निवडलेलं नसतं असं कधी होतं? यादी एकदम चार-पाच ओळी उघड्या दाखवणारी असेल तेव्हा, किंवा स्क्रिप्टने स्वतःच इंडेक्स उणे एक करून ठेवला असेल तेव्हा. पण इंडेक्सवर हिशेब बांधणं धोक्याचं. जावास्क्रिप्टच्या तारखांत महिनेही शून्यापासून मोजतात, जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा. ही खोड जावाकडून आलेली. त्यामुळे बारा महिन्यांच्या यादीचा इंडेक्स थेट तारखेत घातला तर सगळं छान जुळतं आणि लिहिणारा खूश होतो. पुढे केव्हातरी कुणी शहाणा वरती 'महिना निवडा' ही ओळ घालतो, आणि त्या दिवसापासून जानेवारीत जन्मलेली सगळी माणसं फेब्रुवारीत जन्माला येतात.

ऑप्शनला दोन अंगं असतात, हे एव्हाना लक्षात आलं असेल: माणसाला दिसणारा मजकूर आणि यंत्राकडे जाणारी व्हॅल्यू. ही दोन्ही वेगळी ठेवावीत, असा माझा आग्रह आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी तर तो धरावाच. कारण सांगतो. दुसऱ्या एका वर्षी सहलीला पिठलं आणि भाकऱ्यांचा बेत होता. ऑप्शनला मी व्हॅल्यू दिली नव्हती, त्यामुळे 'पिठलं-भाकऱ्या' हा मजकूरच व्हॅल्यू झाला. मोजणी करणाऱ्या स्क्रिप्टमध्येही मी 'पिठलं-भाकऱ्या' असंच लिहिलं होतं. मोजणी आली शून्य. अर्धा तास मी दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवून बघत होतो. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं तेच.

फरक होता 'ऱ्या'मध्ये. तो अर्धा, पापणीसारखा र मराठीत दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत नुक्ता असलेल्या ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडायचा. दुसऱ्या रीतीत साध्या र ला हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही 'भाकऱ्या'च दिसतात. फॉर्म मी लॅपटॉपवर लिहिला होता, मोजणीची स्क्रिप्ट दुसऱ्या कीबोर्डवर. संगणकासाठी ते दोन निरनिराळे शब्द होते, दूध आणि दगड यांच्याइतके निरनिराळे. तेव्हापासून मी व्हॅल्यूमध्ये रोमन लिपीतला एखादा छोटा संकेत ठेवतो, आणि वरचा मजकूर हवा तितका मराठी. पुढे कुणी 'पिठलं'चं 'पिठले' केलं तरी जुनी मोजणी बिघडत नाही. दिसणारा मजकूरच हवा असेल तर निवडलेल्या ऑप्शनचा डॉट टेक्स्ट वाचावा. तो दाखवायला घ्यावा, तुलनेला घेऊ नये.

व्हॅल्यू ही नेहमी अक्षरांची माळ असते, आकडा नसतो. हे वाचताना फार साधं वाटतं, आणि प्रत्येक जण एकदा तरी यात पडतो. 'सोबत किती पाहुणे' या यादीतून कुणी ४ निवडलं. मी त्यात यजमानाचा १ मिळवला. उत्तर ५ यायला हवं होतं, आलं ४१. अधिकचं चिन्ह आकड्यांची बेरीज करतं, पण एका बाजूला अक्षरं असली की दोन्ही नुसतं चिकटवतं. गंमत म्हणजे पाहुण्यांची वर्गणी बरोबर निघत होती, कारण गुणाकाराच्या चिन्हाला चिकटवणं माहीत नाही. ते मुकाट्याने अक्षराचा आकडा करून घेतं, आणि ४ गुणिले २५० बरोबर १००० येतात. पैसे बरोबर आणि डोकी चूक, त्यामुळे शंका यायलाच उशीर झाला. व्हॅल्यू आधी 'नंबर'मधून काढून घ्यावी, मग बेरीज करावी. आणि व्हॅल्यूत देवनागरी आकडे ठेवू नयेत. आपल्याला '१२' लख्ख दिसतं, पण जावास्क्रिप्टला ते वाचता येत नाही. 'हा आकडाच नव्हे' अशा अर्थाचं नॅन हे उत्तर ती देते.

अक्षराचा आकडा करण्यातही एक खड्डा होता, आता बुजलेला. पण त्याची कथा आपल्या मातीतली आहे म्हणून सांगतो. २००६-०७च्या सुमाराला मी गाड्यांच्या विम्याचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना फॉर्म करून दिला होता. त्यात गाडी कुठल्या पासिंगची, याची यादी होती. मजकूर गावाचा, व्हॅल्यू आरटीओच्या क्रमांकाची: मुंबई ०१, ठाणे ०४, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८, कोल्हापूर ०९, सांगली १०, पुणे १२. व्हॅल्यूचा आकडा करायला मी 'पार्स-इंट' वापरलं. आठवड्याने त्यांचा फोन आला: 'अहो, तुमच्या फॉर्मला कोल्हापूरचं वावडं आहे का?' कोल्हापूरच्या सगळ्या गाड्या शून्य क्रमांकाखाली जमा होत होत्या. रत्नागिरीच्याही. सिंधुदुर्ग ठीक, सांगली ठीक, पुणे तर ठीकच. मधले दोनच जिल्हे गायब.

कारण असं. सी भाषेपासून चालत आलेली प्रथा आहे की आकड्याच्या सुरुवातीला शून्य असेल तर तो दशमान नव्हे, अष्टमान समजायचा. अष्टमानात शून्य ते सात एवढेच अंक. त्या काळचे ब्राउझर पार्स-इंटमध्ये ही प्रथा पाळत. ०७ वाचताना अडचण नव्हती, अष्टमानातही सात म्हणजे सातच. ०८ वाचताना शून्यानंतर आठ आला, आठ हा अष्टमानातला अंकच नाही, म्हणून वाचन तिथेच थांबलं आणि हाती उरलं शून्य. ०९चं तेच. १०च्या सुरुवातीला शून्य नाही, म्हणून सांगली वाचली. जन्मतारखेच्या फॉर्ममध्ये याच कारणाने जगभरातले ऑगस्ट आणि सप्टेंबर शून्यात जात होते. पार्स-इंटला दुसरा घटक म्हणून १० दिला, म्हणजे 'दशमानात वाच' असं बजावलं, की काम होई. डिसेंबर २००९मध्ये आलेल्या भाषेच्या पाचव्या आवृत्तीने ही प्रथा पार्स-इंटमधून काढून टाकली. खरं तर माझी मूळ चूक वेगळीच होती. 'एमएच ०९' मधला ०९ हा आकडा नाहीच, ते नाव आहे. त्याची बेरीज कुणी करत नाही, मग त्याचा आकडा करायचा कशाला? पिनकोड आणि फोन नंबर यांनाही हेच लागू.

वाचायचं काय ते झालं, आता वाचायचं केव्हा. नवशिके हमखास एक गोष्ट करतात. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत सिलेक्टची व्हॅल्यू वाचून एका नावाखाली ठेवतात आणि पुढे बटण दाबल्यावर ते नाव वापरतात. पाहुणा उंबरठ्यावर असतानाच 'काय घेणार?' विचारायचं, आणि त्याने बसून मेनूकार्ड वाचून काहीही सांगितलं तरी उंबरठ्यावरचं उत्तर स्वयंपाकघरात कळवायचं, तसा हा प्रकार. ठेवून द्यायचा तो सिलेक्ट. व्हॅल्यू बटण दाबल्यावर वाचायची, किंवा 'चेंज' ही घटना घडली की त्या क्षणी. दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. स्क्रिप्टनेच व्हॅल्यू बदलली तर चेंज घडत नाही. आणि फायरफॉक्ससारखा ब्राउझर पान ताजं केलं तरी आधीची निवड धरून ठेवतो, त्यामुळे पान उघडल्यावरही एकदा खरी व्हॅल्यू बघून घ्यावी लागते.

चेंज घडला म्हणजे माणसाने ठरवलं, असंही नाही. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये यादीतून पर्याय निवडला आणि पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं, की पान जागचं हलायचं नाही आणि निवडलेला पर्यायच बदलायचा. माझ्या एका मावसभावाने अशाच एका फॉर्मवर आपला जन्ममहिना मार्चचा जून करून ठेवला आणि दुरुस्तीसाठी तीन हेलपाटे घातले. त्याच काळात आणखी एक फॅशन होती, पर्याय बदलला रे बदलला की थेट दुसऱ्या पानावर उडी. माउसवाल्यांना झकास. कीबोर्डवर खालचा बाण दाबून यादी चाळणाऱ्या अंध वाचकाला मात्र पहिल्याच बाणाला पान सुटायचं, तिसऱ्या पर्यायापर्यंत तो पोहोचायचाच नाही. डिसेंबर २००८च्या सुगम्यतेच्या निकषांत यावर स्पष्ट कलम आहे: आधी सांगितल्याशिवाय नुसत्या निवडीने संदर्भ बदलू नये.

तीनच पर्याय असतील तर मुळात ड्रॉपडाउन कशाला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. तिथे गोल बटणं बरी. त्यांना रेडिओ बटणं म्हणतात ते जुन्या मोटारींतल्या रेडिओवरून. एक बटण दाबलं की आधीचं टपकन वर यायचं. ही बटणं सुरुवातीला सगळीच्या सगळी मोकळी राहू शकतात, आणि सहलीच्या फॉर्मला नेमकं हेच हवं होतं. वाचताना एका नावाच्या गटातलं 'चेक्ड' असलेलं बटण शोधायचं. काहीच दाबलेलं नसेल तर हाती 'नल' येतं, आणि नलची व्हॅल्यू विचारली की स्क्रिप्ट तिथेच कोसळते, म्हणून आधी हात लावून बघावं. बटणाला व्हॅल्यू द्यायला विसरलात तर तिन्ही जेवणांचं उत्तर 'ऑन' येईल. एकाहून अधिक पर्याय घेऊ देणाऱ्या सिलेक्टचं दुखणं निराळं. तिथे डॉट व्हॅल्यू निवडलेल्यांपैकी फक्त पहिल्याची मिळते, बाकीच्यांसाठी सिलेक्टेड-ऑप्शन्सची रांग फिरून बघावी लागते.

इतकं सगळं नीट केल्यावरही सर्व्हरवर पुन्हा तपासणी करावी लागते, हे मला शिकवलं माझ्या बारावीतल्या भाच्याने. ब्राउझरमधली डेव्हलपरची खिडकी उघडून त्याने 'साधं'ची व्हॅल्यू बदलली आणि फॉर्म पाठवला. माझ्या तक्त्यात ओळ आली: एक जण, पुरणपोळी. यादी आपण दिली म्हणजे उत्तर यादीतलंच येईल, हा समज त्या पोळीबरोबर गेला. आलेली व्हॅल्यू आपल्या ठरलेल्या संकेतांपैकी आहे का, हे आता सर्व्हर बघतो.

मागच्या वर्षी फॉर्ममध्ये तीन गोल बटणं होती, एकही आधी दाबलेलं नाही, आणि निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी अकरा नोंदी आल्या. त्यांतल्या सात उपवासाच्या. माझ्या पोटात गोळा आला. सगळी स्क्रिप्ट पुन्हा वाचली, तीन ब्राउझरांत तपासली, शेवटी धीर करून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावला आणि विचारलं, 'काकू, जेवणात उपवासाचं तुम्ही स्वतः निवडलंय ना? की चुकून?'

'चुकून कसं?' त्या म्हणाल्या. 'तारीख तुम्हीच ठरवलीत ना? भिंतीवरचं कालनिर्णय बघितलंत का? संकष्टी आहे त्या दिवशी.'